पुरावा कोणी द्यायचा? चवदार तळ्यापासून डोंबिवलीच्या बोअरवेलपर्यंत

२० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी बाबासाहेब प्यायले. तळे 'बाटले' म्हणून सनातन्यांनी त्यात १०८ घागरी पंचगव्य ओतून त्याची 'शुद्धी' केली. पाण्यात नेमके काय बिघडले, हे तपासावे असे कोणालाच वाटले नाही. अस्पृश्याचा हात लागला, एवढा पुरावा त्यांना पुरला.

आज कल्याण-डोंबिवलीच्या आमच्या वस्तीतल्या बायका सांगतात, "पावसाळा सुरू झाला की बोअरच्या पाण्याला रॉकेलसारखा वास येतो." त्यांना मात्र पहिला प्रश्न विचारला जातो, पुरावा काय? आम्ही तीन कार्यालयांत अर्ज दिले आणि तिन्ही ठिकाणी हेच ऐकले. कल्पनेतला विटाळ न तपासता मान्य झाला, आणि खऱ्या प्रदूषणाला मात्र दारातच अडवले जाते. हा योगायोग नाही. पुरावा देण्याचे ओझे नेहमी खालच्यांच्या डोक्यावर ठेवायचे, ही या समाजाची जुनी सवय आहे.

पण महाडचा इतिहास इथेच संपत नाही. सनातन्यांनी डिसेंबर १९२७ मध्ये बाबासाहेबांवर आणि त्यांच्या सहकाऱ्यांवर दावा लावला. अस्पृश्यांना तळ्यापासून दूर ठेवण्याची रूढी अनादी काळापासून चालत आली आहे, असे त्यांचे म्हणणे होते. महाडच्या कोर्टात ते हरले. त्यांचे अपील आपल्या ठाण्याच्या कोर्टात आले आणि १९३३ मध्ये फेटाळले गेले. १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयानेही तोच निकाल कायम केला, कारण ती रूढी अनादी असल्याचे वादींना सिद्ध करता आले नाही. या खटल्याचा हा धडा आपण फारसा सांगत नाही. पाणी पिणाऱ्याने आपला हक्क सिद्ध करायचा नव्हता. पाणी अडवणाऱ्याने आपला दावा सिद्ध करायचा होता, आणि तो त्याला जमला नाही.

आता जमिनीखाली पाहू. पेट्रोल पंपाच्या फरशीखाली इंधनाच्या टाक्या असतात. कारखान्यांच्या आवारातही त्या पुरलेल्या असतात. जुनी लोखंडी टाकी गंजते, पाइपाचा सांधा सुटतो आणि इंधन थेंबाथेंबाने मातीत जाते. पेट्रोल पाण्यापेक्षा हलके असल्याने ते भूजलावर तरंगते, पण त्यातले बेन्झीन थोडे थोडे पाण्यात विरघळते. बेन्झीनमुळे रक्ताचा कर्करोग होतो. जागतिक आरोग्य संघटनेने पिण्याच्या पाण्यात त्याची मर्यादा लिटरला १० मायक्रोग्रॅम ठेवली आहे, म्हणजे एका ग्रॅमचा एक लाखावा भाग.

आपल्याकडची जमीन काळ्या पाषाणाची आहे. त्यात पाणी भेगांमधून वाहते. त्यामुळे टाकीशेजारची विहीर स्वच्छ आणि दूरची बोअर दूषित, असेही होऊ शकते. पावसाळ्यात भूजल वर चढते, त्याबरोबर तेलही चढते. दिवाळीनंतर पाणी खाली जाते आणि तेलाचा थर मातीला चिकटून राहतो. म्हणून एकदाच केलेली तपासणी पुरत नाही. पाणी कुठून कुठे वाहते हे कळायलाही किमान तीन बोअर लागतात. आम्ही पहिल्यांदा प्लास्टिकच्या बाटलीत पाणी भरून प्रयोगशाळेत नेले. त्यांनी ते परत पाठवले. बेन्झीन उडून जाते, त्यासाठी काचेची बाटली काठोकाठ भरून बर्फात आणावी लागते, हे आम्हाला तेव्हा कळले. धुणीभांडी करून पोट भरणाऱ्या बाईने हे सगळे स्वतःच्या खर्चाने करायचे का?

अमेरिकेने हा प्रश्न १९८४ मध्ये कायद्यात घेतला. १९८८ च्या नियमांनी टाकीमालकांना दहा वर्षांची मुदत दिली: टाकी सुधारा, बदला किंवा बंद करा. तिथे आजवर पाच लाखांहून अधिक गळत्यांची नोंद झाली आहे. त्यांच्या टाक्या आपल्यापेक्षा जास्त गळक्या होत्या असे नाही. त्यांनी शोधले, म्हणून सापडल्या.

आपल्याकडेही कायदा मुका नाही. राजस्थानातल्या बिछडी गावात रासायनिक कारखान्यांच्या घाणीने विहिरींचे पाणी लालसर झाले. फेब्रुवारी १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रदूषण करणाऱ्यानेच भरपाई द्यावी, असे ठरवले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये वेल्लोरच्या चर्मोद्योगांच्या खटल्यात न्यायालय आणखी पुढे गेले: आपल्या उद्योगाने पर्यावरणाला धोका नाही, हे उद्योजकानेच सिद्ध करायचे. महाडच्या निकालाशी या तत्त्वाचे नाते आम्हाला स्पष्ट दिसते.

मग अंमलबजावणी कुठे अडते? आपल्याकडे डोळ्यांना दिसणारे प्रदूषणच खरे मानले जाते. २०१४ मध्ये वालधुनीत टँकरमधून रसायन सोडले गेले आणि शेकडो लोक रुग्णालयात गेले, तेव्हा बातमी झाली. २०१६ आणि २०२४ मध्ये डोंबिवली एमआयडीसीत स्फोट होऊन कामगार मेले, तेव्हा बातमी झाली. २०२० मध्ये रस्ता गुलाबी झाला, तोही राज्यभर गाजला. जमिनीखालच्या गळतीला मात्र रंग नाही, आवाज नाही. ती कळते फक्त बोअरचे पाणी वापरणाऱ्याला. आणि ज्यांच्या घरी नळाला पुरेसे पाणी येत नाही, तेच बोअर वापरतात.

काही मित्र म्हणतात, "तुम्ही उगाच घबराट पसरवता." आम्ही कोणत्याही पंपाचे किंवा कंपनीचे नाव घेतलेले नाही. वास येतो म्हणजे टाकीच गळते असेही आम्ही म्हणत नाही. वास गटाराचा असेल, कारखान्याचा असेल. म्हणूनच तर तपास हवा. तपासाच्या मागणीला घबराट म्हणणे म्हणजे उत्तर टाळणे.

जुलै २०२५ मध्ये केंद्राने दूषित स्थळांच्या व्यवस्थापनाचे नियम काढले. त्यानुसार संशयित स्थळांची माहिती देण्याची जबाबदारी जिल्हा प्रशासनाकडे येते. म्हणून ठाणे जिल्हा प्रशासनाकडे आमच्या चार मागण्या आहेत. चालू आणि बंद, दोन्ही प्रकारच्या भूमिगत टाक्यांची यादी जाहीर करा. बंद कारखान्यांच्या जागेवर टॉवर उभे राहण्याआधी तिथली माती तपासा. टाक्यांजवळच्या वस्त्यांतले बोअर पावसाळ्याआधी आणि पावसाळ्यानंतर टाकीमालकांच्या खर्चाने तपासा. आणि अहवाल येईपर्यंत त्या वस्त्यांना स्वच्छ नळपाणी द्या.

महाडचा खटला जवळपास दहा वर्षे चालला. तोवर तळे निदान जागेवर होते. भूजलात उतरलेले विष दहा वर्षांत कुठवर पोचेल, याचा हिशेब आज ठेवला नाही, तर उद्या आपल्याच मुलांकडे पुन्हा पुरावा मागितला जाईल.