थंडीचा हिशेब

कॅलिफोर्नियात ट्यूलिपचे कंद घेतले की विकणारा बजावतो, लावायच्या आधी काही आठवडे फ्रिजमध्ये ठेवा. १९८०च्या दशकात तिथे संशोधन करणाऱ्या कॅरोलिन डीन या ब्रिटिश वनस्पतिशास्त्रज्ञ बाईंनी हा सल्ला ऐकला आणि त्यामागचं कोडं त्यांना स्वस्थ बसू देईना.

थंडी खाल्ल्याशिवाय न फुलणाऱ्या वनस्पती शेतकऱ्यांना नव्या नव्हत्या. नाशिककडे कांद्याची रोपं थंडीत सापडली की डेंगळे येतात आणि कांदा पोसत नाही. युरोपातला हिवाळी गहू तर हिवाळा काढल्याशिवाय वेळेवर निसवतच नाही. १९१८ मध्ये जर्मनीच्या गुस्टाफ गासनर यांनी राय या धान्यावर प्रयोग करून दाखवलं, की मोड आलेलं बी थंडीत ठेवलं तर वसंतात पेरूनही ते फुलतं.

पुढे सोव्हिएत रशियात त्रोफिम लिसेंको यांनी याच तंत्राचा गाजावाजा केला. थंडीचा संस्कार पुढच्या पिढीत उतरतो, असा त्यांचा दावा. त्यांच्या मतांना विरोध करणारे निकोलाय वाविलोव्ह १९४० मध्ये पकडले गेले आणि १९४३ मध्ये सारातोव्हच्या तुरुंगात वारले.

डीनबाई १९८८ मध्ये नॉर्विचच्या जॉन इनेस सेंटरमध्ये आल्या. त्यांनी निवडलं मोहरीच्या कुळातलं वीतभर तण, अरॅबिडॉप्सिस. त्यातलं ‘एफएलसी’ नावाचं जनुक फुलोरा अडवून धरतं. थंडीत ते बंद पडत जातं.

पण कसं? गणिती प्रारूपं मांडणारे मार्टिन हॉवर्ड यांच्यासह २०११ मध्ये त्यांनी दाखवलं, की हे जनुक दिव्याच्या बटणासारखं आहे: एका पेशीत एक तर चालू, नाही तर बंद. थंडी लांबली की बटण बंद झालेल्या पेशींची संख्या वाढते. ऊन पडलं, पेशी विभागल्या, तरी बटण बंदच राहतं. बी धरताना मात्र ते पुन्हा चालू होतं, म्हणून पुढच्या पिढीला स्वतःचा हिवाळा स्वतःच काढावा लागतो. लिसेंकोंचा दावा इथे सपशेल उलटा पडतो.

२०२० मध्ये डीनबाईंना वुल्फ पारितोषिक मिळालं. त्याआधीच त्यांच्या गटाने प्रयोगशाळेतल्या स्थिर तापमानाबाहेर पडून इंग्लंड आणि स्वीडनमधल्या उघड्या शेतांत मोजणी केली होती. तिथे कळलं, की रोपं नुसता गारठा मोजत नाहीत; दिवसाचं तापमान १५ अंशांवर उसळत नाही ना, यावरही त्यांची नजर असते. आता शरद ऋतू लांबतोय, ऊबदार दुपारी वाढताहेत, तेव्हा फुलोऱ्याचं वेळापत्रक ठरवताना नेमक्या याच दुपारी मोजाव्या लागणार आहेत.