प्रेम रोग (चित्रपट)

'प्रेम रोग' हा १९८२ साली प्रदर्शित झालेला हिंदी भाषेतील सामाजिक व प्रणयप्रधान चित्रपट आहे. राज कपूर यांनी आर. के. फिल्म्स या आपल्या संस्थेतर्फे त्याची निर्मिती केली. दिग्दर्शन आणि संकलनही त्यांचेच होते. ऋषी कपूर, पद्मिनी कोल्हापुरे आणि शम्मी कपूर यांच्या यात प्रमुख भूमिका आहेत. बालविधवेप्रमाणे आयुष्य कंठावे लागणाऱ्या तरुण मुलीचे दुःख, तिच्यावरील एका सामान्य तरुणाचे प्रेम आणि पुनर्विवाहाला असलेला जमीनदार घराण्याचा विरोध हा चित्रपटाचा विषय आहे.

कथानक

देवधर हा गरीब व पोरका मुलगा मोठ्या ठाकुरांच्या आश्रयाने शहरात शिक्षण घेतो आणि आठ वर्षांनी गावी परततो. धाकट्या ठाकुरांची मुलगी मनोरमा ही त्याची बालपणीची मैत्रीण. त्याचे तिच्यावर प्रेम जडते, परंतु तिच्या मनात मैत्रीपलीकडे काही नाही हे ध्यानात आल्यावर तो मौन पत्करतो. मनोरमेचा विवाह तोलामोलाच्या घराण्यातील नरेंद्र प्रताप सिंह याच्याशी होतो. लग्नानंतर लगेचच नरेंद्रचा अपघाती मृत्यू होतो. रूढीनुसार मनोरमेच्या केशवपनाची तयारी केली जाते. तो प्रसंग टळतो आणि जाऊ राज राणी तिला सासरी नेते; मात्र तेथे थोरला दीर तिच्यावर बलात्कार करतो. मनोरमा माहेरी परतते.

ही हकिकत समजल्यावर देवधर गावी येतो आणि मनोरमेला पुन्हा जगण्याची उमेद देण्याचा प्रयत्न करतो. दोघांच्या वाढत्या जवळिकीने ठाकूर घराण्यात संघर्ष पेटतो. मनोरमेचे वडील आणि तिचा दीर या संबंधाच्या विरोधात उभे राहतात. अखेरीस मोठे ठाकूर रूढी बाजूला सारून पुनर्विवाहाला पाठिंबा देतात.

कलाकार

ऋषी कपूर – देवधर
पद्मिनी कोल्हापुरे – मनोरमा
शम्मी कपूर – मोठे ठाकूर
कुलभूषण खरबंदा – धाकटे ठाकूर, मनोरमेचे वडील
नंदा – मनोरमेची आई
तनुजा – राज राणी
रझा मुराद – मनोरमेचा दीर
विजयेंद्र घाटगे – नरेंद्र प्रताप सिंह

निर्मिती

चित्रपटाची मूळ कथा कामना चंद्रा यांची आहे. पटकथा व संवादलेखनात जैनेंद्र जैन यांचा सहभाग होता. छायाचित्रण राज कपूर यांचे दीर्घकाळचे सहकारी राधू कर्माकर यांनी केले. 'बॉबी' (१९७३) या चित्रपटातही राज कपूर यांनी तरुण प्रेमिकांना होणारा कौटुंबिक विरोध रंगवला होता. तेथे अडसर प्रामुख्याने आर्थिक दर्जाचा होता. 'प्रेम रोग'मध्ये त्याला वैधव्याची जोड मिळाली. पद्मिनी कोल्हापुरे यांनी यापूर्वी राज कपूर यांच्याच 'सत्यम् शिवम् सुंदरम्' (१९७८) या चित्रपटात नायिकेच्या बालपणाची भूमिका केली होती.

संगीत

चित्रपटाला लक्ष्मीकांत–प्यारेलाल यांचे संगीत आहे. गीते संतोष आनंद, पंडित नरेंद्र शर्मा आणि अमीर कझलबाश यांनी लिहिली. लता मंगेशकर आणि सुरेश वाडकर हे प्रमुख पार्श्वगायक होते. वाडकरांनी ऋषी कपूर यांना दिलेला आवाज लोकप्रिय ठरला.

सामाजिक संदर्भ

हिंदू विधवांच्या पुनर्विवाहाला १८५६ च्या कायद्याने मान्यता मिळाली. त्यासाठी बंगालमध्ये ईश्वरचंद्र विद्यासागर यांनी चळवळ केली होती. महाराष्ट्रात विष्णुशास्त्री पंडित यांनी या विचाराचा प्रचार केला, तर धोंडो केशव कर्वे यांनी १८९३ मध्ये स्वतः एका विधवेशी विवाह केला. म्हणजेच चित्रपट प्रदर्शित झाला, तेव्हा या कायद्याला सव्वाशे वर्षे उलटून गेली होती. मनोरमेची वाट अडवते ती घराण्याची प्रतिष्ठा. विधवेचे केस, वस्त्र आणि आहार यांवर कडक नजर ठेवणारे कुटुंब तिच्यावर अत्याचार करणाऱ्या पुरुषाला मात्र मान देत राहते. हा दुटप्पीपणा कथानकाच्या केंद्रस्थानी आहे. त्याच वेळी मनोरमेच्या सुटकेसाठी प्रियकराचे धैर्य आणि घरातील ज्येष्ठ पुरुषाची संमती आवश्यक ठरते. रूढीविरुद्धचा हा लढा अशा प्रकारे कुटुंबव्यवस्थेच्या चौकटीतच राहतो.

पुरस्कार

१९८३ मध्ये झालेल्या तिसाव्या फिल्मफेअर पुरस्कारांत चित्रपटाला पुढील पुरस्कार मिळाले.

सर्वोत्कृष्ट दिग्दर्शक – राज कपूर
सर्वोत्कृष्ट अभिनेत्री – पद्मिनी कोल्हापुरे
सर्वोत्कृष्ट गीतकार – संतोष आनंद
सर्वोत्कृष्ट संकलन – राज कपूर