ग्रंथ हाती देण्याची रीत : मराठी ख्रिस्ती कथनवाङ्मय आणि त्याचा वाचक

पुणे जिल्ह्याच्या नैर्ऋत्येस भोर आणि राजगड (पूर्वीचा वेल्हे) हे दोन डोंगरी तालुके आहेत. हिरडस मावळ, गुंजण मावळ या नावांनी शिवकाळापासून परिचित असलेला हा मुलूख पुढे पंत सचिवांच्या भोर संस्थानात मोडत असे. १९४८ साली संस्थानाबरोबरच तो मुंबई प्रांतात विलीन झाला. मावळातील खेड्यांत ग्रंथाची ओळख डोळ्यांपेक्षा कानांनी अधिक झाली. श्रावणात एखाद्या घरी अथवा देवळात पोथी लावावयाची, एकाने ओव्या वाचावयाच्या, दुसऱ्याने अर्थ सांगावयाचा आणि भोवतालच्या स्त्रीपुरुषांनी तो ऐकावयाचा, ही रीत महाराष्ट्राच्या खेडोपाडी होती, तशीच येथेही. या रीतीत ग्रंथ एकटा कधी येत नाही. तो कोणाच्या तरी हातून आणि कोणाच्या तरी मुखातून येतो. त्या माणसावरील विश्वासाचा काही अंश ग्रंथालाही लाभतो.

मराठी ख्रिस्ती वाङ्मयाचा विचार करताना ही गोष्ट बहुधा दृष्टीआड होते. मिशनऱ्यांनी किती पुस्तके छापली व त्यांतून कोणते मतखंडन केले, याची चर्चा आपल्याकडे पुष्कळ झाली आहे. ती पुस्तके कोणी कोणाच्या हाती दिली, आणि घेणाऱ्याच्या कानाला त्यांची भाषा आपली वाटली किंवा नाही, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो. प्रस्तुत लेखाचे प्रतिपाद्य एवढेच की, या वाङ्मयाचा जो भाग टिकला तो वादग्रंथांचा नसून कथनाचा आहे. आणि तो टिकण्याचे कारण वाचकाच्या भाषेशी व त्याच्या वाचनाच्या सवयीशी त्याने जुळवून घेतले, हे आहे.

या परंपरेचा पहिला मोठा ग्रंथ वाचकाच्या मागणीतूनच निर्माण झाला. फादर थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट १५७९ साली गोव्यास आला. त्याच्या ‘क्रिस्तपुराणा’च्या आरंभी एक प्रसंग आहे. धर्मतत्त्वे शिकविली जात असताना नवख्रिस्ती मंडळींपैकी एकाने विचारले की, आमची पूर्वीची पुराणे तर आता बंद झाली. मग त्यांच्या जागी आम्ही वाचावे असे काही तुम्ही का करून देत नाही? धर्म बदलला, पण कथा ऐकण्याची भूक बदलली नाही, हे या पृच्छकाने गुरूच्या ध्यानात आणून दिले. स्टीफन्सने उत्तरादाखल सुमारे अकरा हजार ओव्यांचे पुराण रचले. ते १६१६ साली प्रसिद्ध झाले. देवनागरी टंकांच्या अभावी ते रोमन लिपीत छापावे लागले, तरी छंद ओवीचा आणि स्वर्गासाठी शब्द ‘वैकुंठ’ हाच राहिला. लिपी परकी आणि ध्वनी स्वकीय, अशी ही विलक्षण सांगड होती. मराठी वाचकाला हा ग्रंथ देवनागरीत सुलभ झाला तो शांताराम बंडेलू यांनी १९५६ साली पुण्याहून काढलेल्या आवृत्तीमुळे.

एकोणिसाव्या शतकात परिस्थिती पालटली. अमेरिकन मिशनच्या मुंबईतील छापखान्याने छपाई सोपी केली, १८२७ साली पुस्तके व पत्रके काढणारी ट्रॅक्ट सोसायटी स्थापन झाली, आणि १८४२ साली अहमदनगरास ‘ज्ञानोदय’ निघाला. आता पुस्तक बाजारात, जत्रेत, शाळेत कोठेही वाटता येऊ लागले. पण वाटणे आणि वाचले जाणे यांत अंतर आहे. पुराणिकाची जागा घेणारा मनुष्य पत्रकाबरोबर येत नव्हता. शिवाय मिशनरी मराठीची ठेवण इतकी अनुवादाळलेली होती की श्रोत्याच्या कानाला ती खटके. हरि केशवजी यांनी जॉन बन्यनच्या १६७८ च्या सुप्रसिद्ध रूपककथेचे ‘यात्रिकक्रमण’ या नावाने भाषांतर केले (१८४१). मुक्कामामागून मुक्काम गाठीत जाणाऱ्या भाविकाची ही कथा. वारीच्या देशात तिला श्रोते अनोळखी नव्हते. तथापि ‘यात्रेकरू’ हा नित्याचा शब्द हाताशी असता भाषांतरकाराने ‘यात्रिक’ हा संस्कृत शब्द योजिला आणि त्याला ‘क्रमण’ जोडले. विषय ओळखीचा आणि शब्द सोवळ्यातला, अशी ही अवस्था होती.

ही कोंडी फोडली ती बाबा पदमनजी यांनी (१८३१–१९०६). बेळगावात जन्मलेल्या पदमनजींनी १८५४ साली ख्रिस्ती धर्म स्वीकारला आणि १८५७ साली ‘यमुनापर्यटन’ प्रसिद्ध केले. विधवाविवाहाला मान्यता देणारा कायदा त्याच्या आदल्याच वर्षी झाला होता. यमुना आणि तिचा पती विनायक ही प्रवासास निघतात व वाटेत त्यांना निरनिराळ्या विधवांच्या हकीकती पाहावयास आणि ऐकावयास मिळतात. पुढे स्वतः यमुनेवरच वैधव्य कोसळते. शेवटी ती ख्रिस्ती होते व पुनर्विवाह करते. हा शेवट उघडच प्रचाराचा आहे, आणि त्यासाठी या ग्रंथाला बोलही पुष्कळ लागले. तरीसुद्धा मराठीतील पहिली कादंबरी म्हणून त्याचा निर्देश होतो, याचे कारण मधल्या पानांत आहे. तेथे स्त्रिया बोलतात, आणि त्या घरात बोलतात तशाच बोलतात. पदमनजी हे कोशकारही होते. मोल्सवर्थच्या कोशाचा संक्षेप त्यांनी १८६३ साली सिद्ध केला. ज्याने शब्द तोलून पाहिले होते त्यालाच बोलीचे मोल कळले, असे म्हणावयास हरकत नाही.

पुस्तक हाती देण्याच्या रीतीचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण मात्र नारायण वामन टिळकांचे. १८९३ च्या सुमारास राजनांदगावाकडे जाताना आगगाडीत त्यांना एक युरोपियन गृहस्थ भेटला. दोघांचे काव्याविषयी व धर्माविषयी बोलणे झाले; उतरण्यापूर्वी त्याने नव्या कराराची प्रत टिळकांच्या हाती ठेवली व ती वाचण्याचा आग्रह केला. १८९५ च्या फेब्रुवारीत टिळकांनी बाप्तिस्मा घेतला. या घटनेची किंमत कोणाला मोजावी लागली, हे लक्ष्मीबाईंच्या ‘स्मृतिचित्रां’त (१९३४–१९३७) वाचावयास मिळते. पतिपत्नींचा कित्येक वर्षांचा वियोग, सोवळ्याओवळ्याच्या कल्पनांची उलथापालथ, माहेरच्यांची ओढाताण, हे सारे लक्ष्मीबाई हसतहसत सांगतात, आणि वाचकाला त्यातील दुःख अधिकच कळते. एका पुस्तकाने उद्ध्वस्त केलेल्या व पुन्हा उभारलेल्या संसाराची ही कथा ख्रिस्ती वाचकांपुरती राहिली नाही. महाराष्ट्रातील सर्व धर्मांच्या कुटुंबांत ती वाचली गेली व एकाने दुसऱ्यास वाचावयास दिली.

हाच प्रश्न पुणे जिल्ह्यात अधिक तीव्रतेने उभा राहिला तो पंडिता रमाबाईंच्या (१८५८–१९२२) निमित्ताने. १८८९ साली मुंबईस सुरू झालेले शारदासदन पुढल्याच वर्षी पुण्यास आले. सदनात धर्मशिक्षणाची सक्ती नव्हती. परंतु ग्रंथालयात बायबल होते, आणि रमाबाईंच्या प्रार्थनेच्या वेळी खोलीचे दार उघडे असे. मुली स्वेच्छेने तेथे येऊन बसू लागल्या. १८९३ साली यावरून वादळ उठले. न्या. रानडे व डॉ. भांडारकर यांच्यासारखे हितचिंतक सल्लागार मंडळातून बाहेर पडले आणि अनेक पालकांनी मुली काढून घेतल्या. कपाटात ग्रंथ ठेवणे हीच शिफारस काय? वडीलधाऱ्या व्यक्तीचे वाचन आश्रितांसाठी मूक आज्ञा ठरते काय? सदनातील मुली निराधार होत्या, हे ध्यानी घेता टीकाकारांची शंका निर्मूळ म्हणता येत नाही. उलटपक्षी, विधवेने कोणता ग्रंथ उघडावा हे तिच्याखेरीज इतर सर्वांनी ठरवावे, हा आग्रहही आज कोणाला समर्थनीय वाटणार नाही.

स्वतः रमाबाईंचे आयुष्य वाचनाने कसे घडले, हे त्यांनी १९०७ साली प्रसिद्ध केलेल्या आत्मनिवेदनात नमूद केले आहे. विल्यम हॅस्लम या इंग्रज धर्मोपदेशकाचे आत्मकथन वाचून, आपण ख्रिस्ती धर्म स्वीकारला पण ख्रिस्ताला नव्हे, अशी जाणीव त्यांना झाली. जॉर्ज म्यूलर, हडसन टेलर व जॉन पेटन यांची चरित्रे वाचून केवळ श्रद्धेच्या बळावर संस्था चालविता येईल काय, हा विचार त्यांच्या मनात आला. दुष्काळात आणलेल्या स्त्रियांसाठी केडगाव येथे उभे राहिलेले ‘मुक्ती’ हे त्या विचाराचे मूर्त रूप होय. प्रेरणादायी म्हटली जाणारी चरित्रे वाचून लोक क्षणभर भारावतात व विसरतात. येथे त्यांतून विहिरी, शाळा आणि छापखाना निर्माण झाला.

त्या छापखान्यातून १९२४ साली रमाबाईंचे बायबलचे मराठी भाषांतर बाहेर पडले. कलकत्त्याच्या पंडितांनी जिला ‘सरस्वती’ ही पदवी दिली, त्या विदुषीने हिब्रू व ग्रीक शिकून हे काम केले ते अल्पशिक्षित स्त्रियांना समजावे म्हणून. संस्कृतप्रचुर शब्दयोजना तिने कटाक्षाने टाळली. मूळाशी शब्दशः निष्ठा ठेवल्यामुळे वाक्ये कोठे कोठे अवघडली आहेत, हे खरे. परंतु स्टीफन्सला गोव्यात जो प्रश्न विचारला गेला, त्याचेच हे तीनशे वर्षांनंतरचे उत्तर आहे. वाचकाजवळ जावयाचे तर त्याच्या बोलीतूनच गेले पाहिजे.

या सर्व उदाहरणांत एक सूत्र दिसते. पुस्तक एका माणसाने दुसऱ्याच्या हाती दिले तेव्हा त्याचे वाचन झाले. ते त्याच्या भाषेत बोलले तेव्हा मनात राहिले. आणि वाचल्यावर काय मानावे हे ज्याचे त्याच्यावर सोपविले तेव्हाच देणाऱ्याचा हात निर्मळ राहिला. तिसरी अट सर्वांत अवघड असून ती कोणत्याही एका धर्माच्या प्रचारकांपुरती मर्यादित नाही.

भाषेच्या अभ्यासकाला येथे एक काम करण्यासारखे आहे. जुन्या पुस्तकांच्या कोऱ्या पानावर ‘अमक्याने अमक्यास सप्रेम दिले’ असा मजकूर, तारीख व गाव लिहिलेले आढळते. मुद्रित ग्रंथांच्या सूचीत या ओळींना स्थान नसते. भोर, राजगड, दौंड अशा तालुक्यांतील घरांतून, शाळांतून व वाचनालयांतून ख्रिस्ती, वारकरी, सत्यशोधक अशा सर्व प्रकारच्या पुस्तकांवरील असे लेख टिपून घेतले, तर कोणता ग्रंथ कोणत्या हातून कोठे गेला याचा नकाशा काढता येईल. मराठी वाचकाचा इतिहास मुखपृष्ठांपेक्षा या कोऱ्या पानांवर अधिक स्पष्ट लिहिलेला आहे.