उसातला बिबट्या आणि विद्या अत्रेय

नायगावला शिक्षकांशी गप्पा चालल्या असताना एका सरांनी आम्हाला विचारले, "बिबट्या जंगलातला. गावात शिरला तर पकडून जंगलात सोडावा. यात संशोधन ते काय करायचे?" प्रश्न रास्त होता. पुणे जिल्ह्यातील जुन्नर भागात नेमके हेच केले गेले होते.

तेथे १९९३ ते २००१ या काळात बिबट्यांचे माणसांवर वर्षाला सरासरी ४ हल्ले होत. २००१ पासून पिंजरे लावून अनेक बिबटे पकडले आणि सरासरी ४० किलोमीटर दूरच्या जंगलात सोडले. त्यानंतर हल्ले वर्षाला १७ वर गेले. त्यात माणसे दगावली. मग आणखी पिंजरे!

वन्यजीव-अभ्यासक विद्या अत्रेय यांनी सहकाऱ्यांसह हल्ल्यांच्या नोंदी तारीखवार मांडल्या. हल्ले आधी वाढले, की बिबटे हलवल्यानंतर? उत्तर 'नंतर' असे आले. हा निबंध २०११ साली प्रसिद्ध झाला. बिबट्याला स्वतःचा मुलूख असतो. पिंजऱ्याचा ताण सोसलेले जनावर अनोळखी ठिकाणी सोडले, तर ते बिथरणार, हे त्यांचे अनुमान आम्हाला पटते.

मग न हलवलेले बिबटे कसे राहतात? यासाठी त्यांनी अकोले (जि. अहिल्यानगर, तेव्हाचा अहमदनगर) निवडले. ऊस, विहिरी, वस्त्या. चौरस किलोमीटरला ३०० हून अधिक माणसे. वाटांवर आपोआप छायाचित्र घेणारे कॅमेरे लावले. प्रत्येक बिबट्याच्या अंगावरचे ठिपके निराळे, त्यामुळे मोजदाद करता येते. १०० चौरस किलोमीटरमध्ये सुमारे ५ प्रौढ बिबटे निघाले, आणि तेवढेच तरसही! तरीही माणसांवरील हल्ले क्वचितच. विष्ठेतील केस सूक्ष्मदर्शकाखाली तपासले, तेव्हा खाद्यात वजनाने ८७ टक्के पाळीव प्राणी आढळले. त्यात एकट्या कुत्र्यांचा वाटा ३९ टक्के, शेळ्यांचा ११. खरे तर शेळ्या कुत्र्यांहून कितीतरी जास्त. पण त्यांना राखण असते.

म्हणजे हे बिबटे वाट चुकून आलेले नव्हते, तिथलेच रहिवासी होते.

२००९ मध्ये टाकळी ढोकेश्वरजवळ विहिरीत पडलेल्या एका बिबट्याला गळपट्टा लावून माळशेज घाटात सोडले. 'आजोबा' हे त्याचे नाव. तो सुमारे १२० किलोमीटर चालत मुंबईच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानापर्यंत पोहोचला. वाटेत कोणावरही हल्ला केला नाही. २०११ च्या डिसेंबरात मुंबई-अहमदाबाद महामार्गावर एका वाहनाने त्याला ठोकरले. शेपटीत बसवलेल्या चिपवरून कळले, हा आजोबाच.