बर्फात मोटार अडकली तर...

पाकिस्तानातील मरी या थंड हवेच्या ठिकाणी ७ जानेवारी २०२२ च्या रात्री प्रचंड हिमवृष्टी झाली आणि पर्यटकांच्या शेकडो मोटारी रस्त्यातच अडकल्या. त्या दुर्घटनेत किमान २२ जण दगावले. त्यातील अनेकांचे मृतदेह मोटारींतच आढळले. केवळ थंडीच नव्हे, तर कार्बन मोनॉक्साइड वायू हेही मृत्यूचे कारण असल्याचे त्या वेळी सांगण्यात आले.

हा वायू इंजिनाच्या धुरात असतो आणि एरवी हवेत विरून जातो. सायलेन्सरच्या नळीचे तोंड बर्फाने बुजले, की तो गाडीखाली साचतो आणि फटींतून आत शिरतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातील हिमोग्लोबिन प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्टपणे त्याला धरून ठेवते. डोके दुखते, गरगरते, मळमळते आणि गुंगी येते. प्रवासाचा शीण समजून माणूस डोळे मिटतो, तेच घातक ठरते.

म्हणूनच इंजिन सुरू करण्यापूर्वी दर वेळी खाली उतरून नळीभोवतीचा बर्फ उपसावा. तासाभरात दहाएक मिनिटेच इंजिन व हीटर चालवावा. त्या वेळी वारा ज्या बाजूने येत नसेल, तिकडची काच बोटभर उघडी ठेवावी. इंधनही त्यामुळे पुरते. सर्वांनी एकाच वेळी झोपू नये. गाडीत शेगडी वा स्टोव्ह पेटवणे तर आत्मघातच.

गाडी सोडून चालत निघण्याचा मोह आवरावा. हिमवादळात दहा पावलांवरचे दिसत नाही आणि शोधपथकाला माणसापेक्षा मोटार लवकर सापडते. घर किंवा हॉटेल स्पष्ट दिसत असेल, तरच अपवाद करावा. आरशाला भडक रंगाची ओढणी बांधावी, ११२ क्रमांकावर ठिकाण कळवावे. पायमोजे ओले असल्यास बदलावेत, हातपाय हलवत राहावेत. बर्फ तसाच खाल्ल्यास शरीराची उष्णता खर्च होते. तो वितळवूनच प्यावा. मद्याने ऊब येते हा भ्रम आहे. त्वचेतील रक्तवाहिन्या रुंदावतात आणि उष्णता उलट बाहेर जाते.

मनालीला जाणाऱ्या मराठी पर्यटकांनाही हा विषय परका नाही. डिसेंबर २०२४ मध्ये सोलंग ते अटल बोगदा या टप्प्यात शेकडो वाहने अडकली होती. पोलिसांनी प्रवाशांना बाहेर काढले. मुंबई-पुण्याहून स्वतःची गाडी नेणाऱ्यांनी आणखी दोन गोष्टी पाहाव्यात. रेडिएटरमध्ये नुसते पाणी असेल, तर ते गोठून इंजिन तडकू शकते. गोठणरोधक कूलंट निघण्यापूर्वीच भरून घ्यावा. सखल भागात भरलेले डिझेल कडाक्याच्या थंडीत मेणासारखे घट्ट होऊन फिल्टर तुंबवते. त्यामुळे वर चढण्यापूर्वी पंपावर हिवाळी डिझेलची चौकशी करावी आणि टाकी निम्म्याखाली जाऊ देऊ नये.