पंक्तिप्रपंच : शाळेच्या पंगतीचा इतिहास

मराठी भाषेत 'पंक्तिप्रपंच' असा एक अर्थपूर्ण शब्द आहे. एकाच पंगतीस बसलेल्यांपैकी एकाच्या पानावर तुपाची धार मोठी आणि दुसऱ्याच्या पानावर बारीक, असा दुजाभाव वाढणाराने केला म्हणजे त्यास आपले लोक पंक्तिप्रपंच म्हणत आले, व तो करणाऱ्या यजमानास नावे ठेवीत आले. अन्नाच्या बाबतीत समतेची इतकी सूक्ष्म जाणीव ज्या समाजाने आपल्या भाषेत साठवून ठेवली, त्याचे कौतुकच केले पाहिजे. परंतु किंचित विचार केला असता असे दिसून येईल की, हा शब्द पंगतीत बसलेल्यांचाच कैवार घेतो. पंगतीत कोणास बसू द्यावयाचे व कोणास अंगणाबाहेर थांबवावयाचे, याविषयी तो मुका आहे. आपल्या शाळांतील भोजनाचा इतिहास म्हणजे या मुक्या शब्दास वाचा फुटण्याचा इतिहास होय.

हा विषय आम्ही यवतमाळ जिल्ह्यातील झरी जामणी तालुका डोळ्यांपुढे ठेवून मांडीत आहो. पैनगंगेच्या अलीकडे, तेलंगणाच्या सीमेला लागून असलेल्या या मुलखात गोंड, परधान, कोलाम अशा जमाती शेतकरी वर्गाच्या शेजारी नांदतात. कोलामांच्या वस्तीस तेथे 'पोड' म्हणतात. त्यांची कोलामी ही द्राविड कुळातील भाषा, आणि सरकारदप्तरी त्यांची गणना महाराष्ट्रातील तीन अतिमागास आदिम जमातींत, कातकरी व माडिया गोंड यांच्याबरोबर, होते. पोडावरचे मूल शाळेत येते तेव्हा त्याची भाषा वेगळी, घर दूर, आणि कित्येकदा वर्गात त्याच्या जातीचे दुसरे कोणी नसते. तेथील शाळांत अमुक अन्याय घडतो असा आरोप आम्हांस मुळीच करावयाचा नाही. आमचा प्रश्न इतकाच की, अशा मुलाच्या ताटाशी उद्या कोणी दुजाभाव केला, तर त्याची फिर्याद कोण ऐकणार? या प्रश्नाचे उत्तर गेल्या पावणेदोनशे वर्षांत निरनिराळ्या रीतीने दिले गेले आहे, आणि त्यातून शिकण्यासारखे पुष्कळ आहे.

पहिली फिर्याद धारवाडची. १८५६ च्या जून महिन्यात एका महार मुलाने मुंबई सरकारकडे अर्ज केला की, फी भरण्याची तयारी असूनही धारवाडच्या सरकारी शाळेत आपणांस प्रवेश नाकारण्यात आला. सरकारने त्याच जुलैत जो ठराव केला तो मोठा उद्बोधक आहे. न्याय अर्जदाराच्या बाजूचा आहे हे सरकारने नाकारले नाही. परंतु आजवर पुढे आलेला हा एकटाच महार, आणि त्या एकट्यासाठी शाळा बहुसंख्यांस निरुपयोगी करणे योग्य होणार नाही, असा त्याचा आशय होता. हिंदुस्थान सरकारने पुढील वर्षी असे कळविले की, बंगालमध्ये असा नकार दिला गेला नसता. आणि १८५८ साली विलायतेतील कंपनीच्या संचालकांनी सरकारी शाळा सर्व वर्गांस खुल्या असल्याचे तत्त्व मान्य केले. १८८२ च्या हंटर आयोगाने त्याच तत्त्वास पुन्हा दुजोरा दिला, आणि सोबतच सावधगिरीचा व वेगळ्या शाळा काढण्याचा सल्लाही जोडला. तत्त्व असे वरचेवर जिंकत होते. मुलगा मात्र बाहेरच होता, आणि त्यास बाहेर ठेवण्याचे कारण त्याची जात असे न लिहिता त्याचे एकटेपण असे लिहिले गेले होते.

प्रवेश मिळाला तरी पंगत मिळतेच असे नाही, हे पुढील पिढीने अनुभविले. विसाव्या शतकाच्या आरंभी साताऱ्याच्या शाळेत शिकत असलेले भीमराव आंबेडकर वर्गात वेगळ्या गोणपाटावर बसत, आणि तहान लागली तर नळाला स्वतः हात लावू शकत नसत. शिपाई नळ सोडील तेव्हाच पाणी मिळावयाचे. त्या दिवशी शिपाई नसला की तहान तशीच राहावयाची. दाखल्याच्या वहीत नाव आणि नळापाशी मज्जाव, अशी ही स्थिती. हिच्याविरुद्ध फिर्याद कोणाकडे करावयाची? शाळेने प्रवेश दिला होता, नियम कोठेही मोडला नव्हता.

पुढे १९२३ च्या ऑगस्टमध्ये मुंबईच्या कायदे कौन्सिलात सी. के. बोले यांनी ठराव आणला की, सार्वजनिक पैशाने बांधलेली वा चालविलेली पाणवठ्याची ठिकाणे, विहिरी, धर्मशाळा, तसेच शाळा, कचेऱ्या, दवाखाने ही अस्पृश्यांस खुली असावीत. ठराव पास झाला. महाडच्या नगरपालिकेने १९२४ साली त्यास अनुसरून आपले तळेही खुले केले. परंतु कागदावर खुले झालेल्या त्या तळ्याचे पाणी प्रत्यक्ष पिण्यास मार्च १९२७ चा सत्याग्रह करावा लागला, आणि त्यावरील दाव्याचा मुंबई हायकोर्टातील निकाल लागण्यास १९३७ साल उजाडले. ज्यास एका ओंजळीसाठी दहा वर्षे कोर्टात उभे राहावे लागते, त्यास कायद्याने हक्क दिला असे म्हणणे फारसे खरे नव्हे.

तेव्हा कागदाव्यतिरिक्त दुसरा कोणता मार्ग होता? तो वसतिगृहांनी दाखविला. कोल्हापुरास शाहू छत्रपतींनी १९०१ पासून निरनिराळ्या जातींसाठी निरनिराळी बोर्डिंगे काढण्यास साह्य केले. ज्या जातीस शिक्षणाची सवय नव्हती तिच्या मुलास प्रथम अन्न व निवारा मिळावा, हा त्यात हेतू होता, आणि तो सफल झाला. पण स्वयंपाकघरे वेगळी राहिली. कोल्हापूरच्या जैन बोर्डिंगात राहिलेल्या भाऊराव पाटील यांनी पुढचे पाऊल टाकले. १९१९ साली काले येथे त्यांनी रयत शिक्षण संस्था स्थापिली आणि १९२४ साली सातारा येथे जे वसतिगृह उघडले त्यात सर्व जातींची मुले एकत्र राहत, एकत्र स्वयंपाक करीत व एकाच पंगतीस जेवीत. १९२७ साली महात्मा गांधींच्या हस्ते त्या वसतिगृहास शाहू छत्रपतींचे नाव देण्यात आले. इकडे वऱ्हाडातही त्याच दशकात डॉ. पंजाबराव देशमुख यांनी अमरावतीस श्रद्धानंद छात्रालय काढून सर्व जातींच्या मुलांस एका छपराखाली आणले. धारवाडच्या ठरावाने भीती घातली होती की, एकत्र बसविले तर शाळा ओस पडेल. साताऱ्याची शाळा ओस पडली नाही. तिच्यापासून शेकडो शाळा निघाल्या. या वसतिगृहात फिर्यादीचे प्रसंगच कमी येणार, कारण भाकरी भाजणाराची जात विचारावयास वावच ठेवला नव्हता.

याच्या उलट उदाहरण दक्षिणेतील आहे, आणि शाळेतील भोजनाविषयीच्या फिर्यादीचे ते हिंदुस्थानातील सर्वांत प्रसिद्ध उदाहरण होय. तमिळ देशात तिरुनेलवेली जिल्ह्यात शेरमादेवी येथे व्ही. व्ही. एस. अय्यर या देशभक्ताने १९२२ साली राष्ट्रीय शिक्षणाचे गुरुकुल काढले. तेथे दोन ब्राह्मण मुलांचे जेवण, त्यांच्या पालकांच्या आग्रहावरून, निराळे होत असे. १९२४-२५ साली ही गोष्ट बाहेर आली आणि गदारोळ उडाला. ब्राह्मणेतर पुढाऱ्यांचा आक्षेप असा होता की, काँग्रेसच्या निधीचा पैसा ज्या संस्थेस मिळतो त्या संस्थेत पंगत एकच असली पाहिजे. गांधीजींनी दोन मुलांपुरती सूट ठेवून पुढे भेद बंद करावा अशी तडजोड सुचविली. तीही वादास पुरी पडली नाही. अय्यर जून १९२५ मध्ये धबधब्यात बुडून निधन पावले, आणि त्याच वर्षाच्या अखेरीस ई. व्ही. रामस्वामी काँग्रेस सोडून गेले. दोन ताटांनी एका प्रांताच्या राजकारणाचा ओघ बदलण्यास हातभार लावला. यात पालकांच्या धर्मभावनेचा मान राखण्याचा हेतू प्रामाणिक असेल. पण ज्या मुलांना त्या ताटांपासून दूर बसावे लागले त्यांच्या मनाचा हिशेब कोणी मांडला नाही. तरीही येथे फिर्याद ऐकली गेली, आणि तिचे कारण असे की तिच्यामागे एकटा मुलगा नव्हता. त्याच्यामागे एक पक्ष होता, आणि संस्थेचे अनुदान त्यात गुंतले होते.

स्वातंत्र्यानंतर कायद्याची भाषा स्पष्ट झाली. घटनेच्या सतराव्या कलमाने अस्पृश्यता नाहीशी केली. १९५५ च्या अस्पृश्यता अपराध कायद्याने, ज्यास १९७६ नंतर नागरी हक्क संरक्षण कायदा म्हणतात, शाळेत वा वसतिगृहात प्रवेश नाकारणे हा गुन्हा ठरविला, आणि प्रवेशानंतर भेद करणे हाही गुन्हा ठरविला. साताऱ्याच्या नळापाशी जी फट राहिली होती ती येथे बुजली. दरम्यान शाळेत जेवण देण्याची कल्पना मद्रासच्या महापालिकेने १९२० च्या सुमारास सुरू केली होती. १९९५ साली केंद्र सरकारने ती देशव्यापी योजना केली. बऱ्याच राज्यांत सुरुवातीस मुलांना महिन्याचे तीन किलो धान्य घरी मिळे. घरी नेलेल्या तांदळास पंगत नसते. म्हणून भेदाचा प्रश्नही तेथे उठत नाही. २८ नोव्हेंबर २००१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने शिजविलेले जेवण द्या असा हुकूम केला तेव्हा शाळेशाळेत चूल पेटली, आणि चुलीबरोबर जुना प्रश्नही पेटला. शिजविणार कोण?

न्यायालयाने त्याचे उत्तर २० एप्रिल २००४ च्या आदेशात दिले. स्वयंपाकी व मदतनीस नेमताना दलित, अनुसूचित जाती व जमाती यांना प्राधान्य द्यावे, असा तो आदेश होता. आमच्या मते या सबंध इतिहासातील हा सर्वांत शहाणपणाचा हुकूम होय; कारण त्याने वंचितास पंगतीत केवळ बसविले नाही, तर वाढपी केले. तरीही विरोध थांबला नाही. सुखदेव थोरात व जोएल ली यांनी पाच राज्यांतील खेड्यांची पाहणी करून २००५ साली जे लिहिले त्यात दलित स्वयंपाकिणीस विरोध व मुलांना वेगळे बसविणे हे प्रकार नमूद आहेत. डिसेंबर २०२१ मध्ये उत्तराखंडातील चंपावत जिल्ह्यातील एका शाळेत सवर्ण मुलांनी दलित भोजनमातेच्या हातचे अन्न नाकारले, तिची नेमणूक रद्द झाली, त्यावर दलित मुलांनी सवर्ण बाईच्या हातचे नाकारले, आणि अखेर पहिलीस परत कामावर घ्यावे लागले. मुलांनी वडिलांचीच रीत वडिलांस परत वाचून दाखविली.

हा रोग आपल्यापुरताच आहे असे मात्र नाही. अमेरिकेने १९४६ साली शालेय भोजनाचा राष्ट्रीय कायदा केला तेव्हा दक्षिणेतील काळ्या मुलांच्या शाळा वेगळ्या होत्या. त्यांस निधीचा न्याय्य वाटा मिळावा एवढीच अट त्यात घालता आली. १९६४ च्या नागरी हक्क कायद्याने, सरकारी पैसा घेणाऱ्या कोणत्याही कार्यात वंशभेद करता येणार नाही असे ठरविले. तेथील दोन नियम ध्यानात घेण्यासारखे आहेत. अन्यायाची तक्रार एकशे ऐंशी दिवसांत शाळेस वगळून थेट केंद्रीय कृषि खात्याकडे नेता येते. आणि फुकट जेवणाऱ्या मुलास वेगळी रांग, वेगळे तिकीट वा वेगळी वेळ देऊन उघडे पाडण्यास बंदी आहे. पहिला नियम फिर्यादीचा, दुसरा फिर्याद उद्भवूच नये याचा.

आता झरी जामणीकडे वळू. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यान्वये दुर्बल व वंचित घटकांतील मुलाशी भेद होऊ न देणे हे सरकारचे कर्तव्य आहे, आणि कोणाही व्यक्तीस त्याविषयी स्थानिक प्राधिकरणाकडे लेखी तक्रार करता येते. तिचा निकाल तीन महिन्यांत लागला पाहिजे, व त्यावर राज्य बालहक्क आयोगाकडे दाद मागता येते. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने शाळेतील जेवण हा हक्क केला व जिल्ह्यास तक्रार निवारण अधिकारी आणि राज्यास अन्न आयोग दिला. धारवाडच्या मुलास यातील काहीच नव्हते. ही प्रगती लहान नव्हे. पण तक्रार लेखी हवी, आणि पोडावरच्या बापास लिहिता येतेच असे नाही. शाळा जिल्हा परिषदेची असली तर पहिली तक्रारही त्याच घराच्या दाराशी न्यावयाची. आणि आयोगाचे ठिकाण मुंबईस, विदर्भाच्या या टोकापासून सबंध महाराष्ट्र ओलांडून पलीकडे. धारवाडच्या मुलाचे एकटेपण कायद्याने सगळे हरण केलेले नाही.

यावरून आम्हांस जो बोध दिसतो तो असा. जी व्यवस्था मुलाच्या तक्रारीची वाट पाहत बसते, ती त्याचे रक्षण करीत नाही. कारण ज्या मास्तरांच्या हाती त्याचे पुस्तक आहे व ज्या बाईच्या हाती त्याचे अन्न आहे, त्यांच्याविरुद्ध नऊ वर्षांचे मूल बोलणार नाही. म्हणून रचनाच अशी हवी की बोलण्याची पाळी येऊ नये. चूल एक, रांग एक, वाढण्याचा क्रम रोज बदलता. स्वयंपाकिणींत पोडावरची बाई. शाळा व्यवस्थापन समितीत कोलामी बोलणारा पालक, आणि तक्रार तोंडी सांगितली तरी ती लिहून घेण्याचे बंधन त्या समितीवर. यास नवा पैसा लागत नाही. आणि तक्रार आलीच, तर ती आरोपीच्या वरिष्ठाकडे न जाता तालुक्याबाहेरच्या अधिकाऱ्याकडे जावी, व निकाल लागेपर्यंत त्या मुलाच्या पानावर रोज काय वाढले जाते याची नोंद राहावी.

कोणी म्हणेल, माणसांची मने बदलल्यावाचून नियमांचा काय उपयोग? मने बदलली पाहिजेत हे खरे. पण इतिहास सांगतो की ती पंगतीत बसून बदलतात, पंगतीबाहेर उभे राहून नव्हे. १८५६ च्या ठरावाने मन बदलेपर्यंत त्या मुलाने थांबावे असे सुचविले. तो मुलगा किती दिवस थांबला असेल, याचा विचार आपल्या घरातील शाळकरी मुलांना जेवू घालताना वाचकांनी एकदा करावा.