ओटीपी आणि ग्राहकाची दाद

इंटरनेटवरून कार्डाने पैसे भरताना जादा पडताळणी रिझर्व्ह बँकेने १ ऑगस्ट २००९ पासून बंधनकारक केली. पुढे मोबाईलवरील ओटीपी रूढ झाला. मात्र रेंज नसली वा नोंदविलेला क्रमांक बंद पडला, की वर्धा जिल्ह्यातील केळझरसारख्या गावच्या खऱ्या खातेदाराचाही व्यवहार अडतो.

६ जुलै २०१७ च्या परिपत्रकानुसार, ग्राहक वा बँकेची चूक नसताना त्रयस्थामुळे पैसे गेल्यास आणि बँकेचा संदेश मिळाल्यापासून ३ कामकाजाच्या दिवसांत कळविल्यास ग्राहकाला तोशीस नाही. ओटीपी स्वतःच सांगितल्यास, बँकेला कळवेपर्यंतचे नुकसान त्याचेच. बँकेने ३० दिवसांत उत्तर न दिल्यास लोकपालाकडे दाद मागता येते. त्यासाठी तक्रार क्रमांक जपून ठेवावा.